विसावा गडी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत शिरा, एक आण्णा सापडतोच. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात तेच आण्णा जरा मोठ्या शेडमध्ये सापडतात. चार लेथ, दोन सीएनसी, भिंतीवर जोतिबाचा फोटो, फोटोखाली टेबल, टेबलावर व्हर्निअर आणि पानाचा डबा. काम चोख. जॉब वीस मायक्रॉन इकडचा तिकडं झाला तर आण्णा अख्खा लॉट पुन्हा मोजायला लावतात आणि मोजणाऱ्या पोराच्या खानदानाचाही उद्धार करतात.

पण ‘आण्णा, माणसं किती?’ असं विचारून बघा. नजर लगेच पत्र्याकडं. ‘असतील की सोळा-सतरा. एक परवा सोडून गेलं. एक जत्रंला गेलंय, ते काय आता यायचं न्हाई.’

मायक्रॉनात बोलणाऱ्या माणसाला समोरची डोकी मोजता येत नाहीत, याचं कारण १९५२ साली दिल्लीत झालेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा. वीस माणसं झाली की पीएफ लागतो, आणि एकदा लागला की पुढं माणसं पाचच उरली तरी सुटत नाही. बोनसची रेघही विसालाच. त्यामुळं विसावा गडी आण्णांना जावयासारखा वाटतो: एकदा उंबऱ्याच्या आत घेतला की जन्माचा मानपान आला.

त्याच्या अलीकडं दहाचं आणखी एक कुंपण आहे. ईएसआय, म्हणजे कामगारांचा विमा, तिथून सुरू होतो, ग्रॅच्युइटीही. यावर आण्णांनी कोल्हापुरी पद्धतीनं जोडणी लावली. शेड एक, पाट्या तीन. पहिली स्वतःच्या नावाची, दुसरी वहिनींच्या, तिसरी थोरल्याच्या. प्रत्येकीच्या मस्टरवर नऊ माणसं. जेवणाच्या सुट्टीआधी जो ऑपरेटर आण्णांचा असतो तो भाकरी खाऊन वहिनींचा होतो, आणि ओव्हरटाइमला थोरल्याकडं जातो. स्वतः ऑपरेटरला यातलं काही ठाऊक नसतं. तो सकाळपासून त्याच मशीनवर उभा असतो. कायदा पाट्या वाचतो हे आण्णांना माहीत होतं, तो विजेचा मीटरही वाचतो हे कुणी सांगितलं नव्हतं. एकाच धंद्याचे असे तुकडे केले तरी कायदा ते जोडूनच मोजतो.

एकदा म्हणे साहेब तपासणीला आले. मस्टर पुढं केलं, नऊ सह्या. ‘एवढाच स्टाफ, साहेब.’ तेवढ्यात चहावालं पोरगं किटली घेऊन दारात. ‘आण्णा, सत्तावीसच न्हवं?’ साहेब म्हणाले, ‘अठ्ठावीस कर. मलाही दे.’ हीच गोष्ट मी दोन-तीन वेगवेगळ्या आण्णांच्या नावावर ऐकली आहे, आणि प्रत्येकानं ती शेजारच्या शेडमध्ये घडली असंच सांगितलं.

बरं, यात कामगारांचीही साथ असते. नवा पोरगा कामाला आला की पहिला प्रश्न, ‘हातात किती?’ बारा टक्के त्याचे कापायचे, तेवढेच मालकानं घालायचे, हे त्याच्या कानाशीच येत नाही. ‘कापू नगा, आण्णा. गाडीचा हप्ता हाय.’ साठाव्या वर्षाचं त्याला काय सांगणार? तो शनिवारच्या पलीकडं बघत नाही.

एवढ्यावरून आण्णांना कंजूष ठरवाल तर फसाल. टेबलाच्या खणात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही असते. उचलीची. मिस्त्रीच्या पोरीचं लग्न, पन्नास हजार. कुणाची गाभण म्हैस दगावली, वीस हजार. हेल्परच्या आईला मध्यरात्री छातीत कळ आली तेव्हा आण्णाच गाडी घेऊन गेले, खाजगी दवाखान्यात साठ हजार भरले आणि सकाळी आठला शेड उघडायला हजर. वसुली महिन्याला पाचशे. तीही दसऱ्याला ‘ऱ्हाऊ दे आता’ म्हणून निम्मी खोडलेली. चौदा हजार पगारावर ईएसआयचा मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे ४५५ रुपये, कामगाराचे १०५. त्या हेल्परचा विमा असता तर त्याच्या आईचं औषधपाणी त्यातूनच झालं असतं. साठ हजारांत मालकाच्या हिश्शाचे जवळजवळ अकरा वर्षांचे हप्ते बसतात. आण्णांची कागदपत्रं बघणारा कन्सल्टंट पोरगा हे कॅल्क्युलेटरवर दाखवायला गेला. आण्णांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला.

‘ते म्या दिलं. हे त्यांनी मागितलं. फरक हाय का न्हाई?’

या वाक्यापुढं एकाही कन्सल्टंटचं काही चालत नाही.

व्यवसायकराचं दुखणं त्याहून वेगळं. त्यात पैसे फार जात नाहीत, डोकं जातं. दहा हजारांवरच्या पगाराला महिन्याला २०० रुपये, फक्त फेब्रुवारीत ३००. ‘अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला शंभर जास्त? ह्यो हिशोब केला कुणी?’ राज्यघटनेनंच या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे आणि बाराही महिने दोनशे घेतले तर शंभर कमी पडतात, असं समजावलं तर आण्णांना शंका वेगळीच. ‘मग ते शंभर दिवाळीच्या म्हैन्यात घ्या की, बोनसमधनं जातील, कळायचं न्हाई कुणाला.’ सूचना अगदीच टाकाऊ नाही.

साहेब, नोटिसा, कन्सल्टंट यांना जे जमलं नाही ते पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या मेलनं केलं. ऑर्डर हवी तर पीएफ आणि ईएसआयची चलनं दर महिन्याला बिलासोबत जोडा. आण्णांनी एका संध्याकाळी दोन पाट्या उतरवल्या. वहिनी म्हणे त्या रात्री जेवल्या नाहीत. पाटीवरचं नाव त्यांना आवडायचं.

त्यातही शेवटची जोडणी करून पाहिलीच. पगार चौदा हजार, पण पीएफसाठी मूळ पगार पाच. बाकी घरभाडं, गाडीभत्ता आणि धुलाई भत्ता. ज्याच्या अंगावरचा बनियन दिवाळीतच बदलतो त्याला धुलाई भत्ता. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि असे भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरायचा असं ठरलं. धुलाई तिथंच संपली. शिवाय प्रत्येकाला नेमणूकपत्र. शेड उभी राहिल्यापासून असलेल्या मिस्त्रीच्या हातात कागद ठेवला तेव्हा तो घाबरला. ‘आण्णा, काढताय व्हय मला?’

आता आण्णा बदललेत. नव्यानं माळ घातलेल्या वारकऱ्याचा उत्साह अंगात आलाय. पंधरा तारखेला सकाळी दहालाच गल्लीत फेरी. ‘पीएफ भरलास काय रं? सोळा झाली की मेलास. मला इस्कटून सांगितलंय कन्सल्टंट पोरानं.’ समोरचा आण्णा, अजून तीन पाट्यांचा, पत्र्याकडं बघतो. ‘आमची कुठली वीस, आण्णा? सोळा-सतरा असतील.’

धंदा वाढला. थोरल्यानं कागलच्या पंचतारांकित वसाहतीत प्लॉट बघितला, माणसं चाळिसाच्या पुढं जाणार. आण्णांनी कन्सल्टंटला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि हळूच विचारलं, ‘आता म्होरलं कुंपण कुठं हाय?’

‘पन्नासला, आण्णा. पाळणाघर लागतं.’

‘आपल्याकडं बाई एक न्हाई.’

‘माणसं मोजतात. बाई असो नसो.’

आण्णांनी शेडवर नजर फिरवली. मिशीला कूलंट लागलेला मिस्त्री, तंबाखू मळणारे दोन ऑपरेटर, क्रेनखाली उभा आडवातिडवा हेल्पर.

‘लिहून घे,’ आण्णा म्हणाले. ‘एकोणपन्नास.’