हौसेचे री-पासिंग

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे अर्थकारण सांगताना कोळसा, सिमेंट, कागद, बांबू, तेंदूपत्ता आणि अलीकडच्या काळात सुरजागडचे लोहखनिज यांचा उल्लेख न चुकता केला जातो; परंतु या भागातील सुखवस्तू माणसाचा पैसा ज्या एका वाटेने अत्यंत नेमाने आणि कसलीही तक्रार न करता घराबाहेर पडतो, त्या जुन्या वेगवान मोटारी बाळगण्याच्या हौसेची दखल कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने घेतलेली नाही. ही उणीव अल्पशी भरून काढणे, एवढेच प्रस्तुत सदराचे प्रयोजन आहे.

प्रथम व्याख्या निश्चित केली पाहिजे. जाणकार जिला ‘परफॉर्मन्स कार’ म्हणतात ती मोटार म्हणजे जिच्या इंजिनाची ताकद तिच्या वजनाच्या मानाने गरजेपेक्षा अधिक असते, जी नवी असताना फारशी कोणी घेतली नाही आणि जिचे सुटे भाग बाजारातून नाहीसे झाल्यावर जिची थोरवी एकाएकी सर्वांना पटते. मुंबईच्या कुर्ल्यात २००१ पासून तयार झालेली १.६ लिटर इंजिनाची फियाट पॅलिओ, व्हीटेक इंजिनाची होंडा सिटी आणि शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही या कुळातील ठळक नावे होत. यांपैकी शेवटच्या गाडीला टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जोडलेला असल्याने ती १५० अश्वशक्ती देत असे, आणि ज्या काळात एवढी ताकद या देशातील साध्या ग्राहकाला अनावश्यक वाटत होती त्या काळात तिला गिऱ्हाईक मिळाले, हे आजही तिच्या मालकांच्या अभिमानाचे आणि त्यांच्या मिस्त्रींच्या उत्पन्नाचे कारण आहे.

अशा गाडीचा चंद्रपुरी ग्राहक वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, वसाहतीत, घुग्घुस-गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांत, भद्रावतीच्या आयुध निर्माणीत किंवा शहरातील एखाद्या दवाखान्यात आढळतो. गाडी मात्र तो गावात घेत नाही. ती नागपूर, पुणे किंवा दिल्लीहून यावी लागते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यापासून तेथील जुना माल स्वस्तात देशभर पसरला. मात्र परराज्यातील गाडी आणताना तिचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नव्या नोंदणी क्रमांकाची खटपट यांचा हिशेब मांडला, तर स्वस्ताई वर्धा नदी ओलांडण्यापूर्वीच संपते. विक्रेता गाडी देताना ती ‘एका हाताने चाललेली’, ‘नॉन-ॲक्सिडेंट’ आणि डॉक्टरांची असल्याचे सांगतो. अशा सांगण्यांवर विश्वास ठेवायचा, तर भारतातील प्रत्येक डॉक्टरने आयुष्यात किमान चाळीस गाड्या वापरल्या असल्या पाहिजेत आणि एकही कधी ठोकलेली नसावी.

गाडी दारात आल्यानंतर तिचा वेग कोठे वापरावा, हा प्रश्न उभा राहतो आणि तो शास्त्रीयदृष्ट्या अजून सुटलेला नाही. घुग्घुस-वणीच्या बाजूला कोळशाचे ट्रक, मूल मार्गे गडचिरोलीकडे जाताना दुतर्फा जंगल आणि रस्ता ओलांडण्याचा पहिला हक्क वाघाचा, आलापल्लीच्या खाली सिरोंचाकडे खड्डे, आणि या सर्वांच्या मध्ये प्रत्येक गावाने आपापल्या कल्पनेप्रमाणे बांधलेले गतिरोधक, अशी ही भूरचना आहे. गतिरोधकावर प्रथम टेकते ते इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे भांडे, ज्याला गॅरेजात ‘चेंबर’ म्हणतात, आणि ते फुटल्यास गाडीची उरलेली सर्व अश्वशक्ती ट्रॅक्टरच्या मागे दोरीने बांधून घरी आणावी लागते. दीडशे अश्वशक्तीचा एकमेव निर्विवाद उपयोग एसटीला मागे टाकण्यासाठी होतो. पुढच्या थांब्यावर हौशी माणूस पान खायला उतरला की एसटी पुन्हा पुढे जाते, हा भाग वेगळा.

इतिहासाने या भागाला एकदा मोठी संधी दिली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती आणि ती उठल्यानंतरही दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरटी दारू वाहणाऱ्यांनी पोलिसांच्या हाती न लागण्यासाठी साध्या गाड्यांची इंजिने वाढवली; त्यांतल्या चालकांतूनच तेथील शर्यतींची परंपरा उभी राहिली आणि १९४८ मध्ये नॅस्कार ही आज जगप्रसिद्ध असलेली संस्था स्थापन झाली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे होती. एवढ्या दीर्घ प्रोत्साहनानंतरही या दोन जिल्ह्यांतून एकही शर्यत किंवा एकही नामांकित चालक निघाला नाही. निघाल्या त्या पोलीस ठाण्यांच्या आवारात जप्तीत उभ्या राहिलेल्या गाड्या, ज्यांच्या चाकांतून गवत उगवले. कायद्याचे राज्य आणि मोटारशर्यतीचा विकास यांचा मेळ बसत नाही, एवढाच निष्कर्ष यातून काढता येतो.

देखभालीचा विषय स्वतंत्र प्रबंधाचा आहे. येथे केवळ उष्णतेचा एक मुद्दा पुरे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो, आणि युरोपातील हवेसाठी आखलेले टर्बो इंजिन त्या हवेत सिग्नलला उभे राहिले की त्याच्या तापमानाचा काटा मालकाच्या रक्तदाबाबरोबर चढू लागतो. गॅरेजातला पारंपरिक उपाय असा की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी मेणावर चालणारी छोटी झडप, काढून फेकून द्यायची आणि कूलंटच्या जागी बोअरचे पाणी भरायचे. पाण्यातले क्षार वर्षभरात रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थरावर थर बसवतात. हिवाळ्यात झडप नसल्यामुळे इंजिन कधी पूर्ण तापत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते. उन्हाळ्यात नळ्या बुजल्यामुळे ते पुन्हा तापते, आणि अखेर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधील पातळ सील, जळते. त्या वेळी मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून जे निदान करतो ते वैद्यकातही सापडणार नाही: “भाऊ, गाडी गरम नाही होऊन राहिली, गावच गरम हाय.” मग नागपुरातून ट्रॅव्हल्सने गॅस्केटचे पार्सल येते, ते दुसऱ्याच मॉडेलचे निघते, आणि गाडी आणखी महिनाभर गॅरेजात राहते. मालक मात्र तिच्याविषयी बोलताना वर्तमानकाळच वापरतो: ती चालते, ती पळते, ती रस्ता धरते.

अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जात असल्याने जुन्या कार्बोरेटरांचे रबरी पाइप आणि वॉशर फुगू-चिरू लागले आहेत, म्हणजे ऊस उत्पादकांच्या भल्याचा थोडा भार या हौशी वर्गानेही उचलला आहे. त्याबद्दल त्याचा सत्कार अद्याप कोणी केलेला नाही.

शासनाची भूमिका मात्र तर्कशुद्ध आहे. मोटार वाहन कायद्यान्वये खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण, ज्याला लोक ‘री-पासिंग’ म्हणतात, करून घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या कामाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. यात हरित कर आणि नव्या सुरक्षा क्रमांकपट्टीचा खर्च धरलेला नाही. मात्र हीच गाडी पन्नास वर्षे टिकली, तर २०२१ च्या नियमांनुसार तिला ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र क्रमांक मिळू शकतो. म्हणजे पंधराव्या वर्षी संशयित, विसाव्या वर्षी अपराधी आणि पन्नासाव्या वर्षी राष्ट्रीय वारसा असा हा प्रवास असून, मधली तीस वर्षे गाडी कोठे लपवावी याविषयी नियम मौन बाळगतात. गाडीला मोठा टर्बो, मोठा सायलेन्सर किंवा रुंद चाके लावून तिची मूळ रचना बदलावी, तर कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्यामुळे तपासणीच्या आदल्या रात्री जुना सायलेन्सर परत चढवणे आणि नंतर पुन्हा उतरवणे हा री-पासिंगचा अलिखित विधी होऊन बसला आहे.

विक्रीच्या वेळी असे लक्षात येते की प्रत्येक गाडीला किमान तीन किमती असतात: प्रत्यक्ष दिलेली, घरी सांगितलेली आणि आता मागितलेली. या तीन आकड्यांत कोणताही गणिती संबंध नसतो, आणि मधल्या काळात झालेला दुरुस्तीचा खर्च तर चौथ्याच वहीत, बहुधा मिस्त्रीच्या, असतो. समजा गाडी तीन लाखांना आली आणि तिच्यावर तीन लाख घातले, तर मालकाच्या मते ती सहा लाखांची झाली. घेणाऱ्याच्या मते जिच्यावर तीन लाख घालावे लागले ती गाडी दोन लाखांचीसुद्धा नाही. दोघांचेही बरोबर असते. व्यवहार ठरतो तो दुसऱ्या एका हौशी माणसाशी, कारण तिसरा कोणी ती घेतच नाही, आणि त्यामुळे त्याच चार-दोन गाड्या त्याच दहा-बारा माणसांत फिरत राहतात. प्रत्येक जण पाळीपाळीने थोडा गरीब आणि पुष्कळ अनुभवी होतो. मैत्रीतल्या व्यवहारात कागद पुढे ढकलण्याचीही रीत आहे. कायद्याने राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत तसे कळवायचे असते, आणि गाडी कागदावर जुन्याच मालकाच्या नावे असताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. मैत्रीचे आयुष्य गाडीच्या नोंदणीपेक्षा बरेचदा कमी असते.

या सर्व पसाऱ्यात एकच गाडी वेगळी उभी आहे आणि खऱ्या अभ्यासाला पात्र तीच आहे. मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस जेमतेम एक लिटरच्या इंजिनासह आली, १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले, पुढे इंधन फवारणी आल्यावर तिची ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत गेली, आणि सुमारे टनभर वजन, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा व साधे कमानपाटे एवढ्या भांडवलावर तिने १९९९ पासून सुरू झालेली ‘रेड द हिमालय’सारखी खडतर रॅली गाजवली. एअरबॅग आणि एबीएस बंधनकारक होण्याच्या सुमारास, २०१९ मध्ये, ती सर्वसामान्य ग्राहकासाठी बंद झाली आणि तिचे भाव उतरण्याऐवजी चढले. ज्या गाडीने हिमालयात घाट कापले, तीच आज ताडोबात मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या दारातून सहा पर्यटक, एक मार्गदर्शक आणि एक चालक घेऊन ताशी वीस किलोमीटरच्या मर्यादेत चालते. वेगवान मोटारीला या दोन जिल्ह्यांत सापडलेले हे एकमेव फायदेशीर काम आहे, आणि ते हळू चालण्याचे आहे.

तिचा चालक बहुतेकदा जवळच्याच गावचा असतो. तो स्वतःला हौशी म्हणवत नाही, गाडीचे फोटो चिकटवत नाही आणि तिच्या अश्वशक्तीचा आकडा विचारला तर सांगेलच असे नाही. पण माकडाचा किंवा चितळाचा धोक्याचा आवाज ऐकू यावा म्हणून इंजिन कधी बंद करायचे, आणि वाघाच्या समोर ते पहिल्या चावीला चालू होईल याची खात्री कशी करून ठेवायची, हे त्याला पक्के ठाऊक असते. कमानपाट्याचे एक पान तुटले तर आवाजावरून तो सांगतो, आणि गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते तेव्हा गाडी उघडून बुश, ब्रेक आणि खालचा सडलेला पत्रा पाहून घेतो. त्याची वही एकच असते आणि तिच्यात कर्जाचा हप्ता असतो. शहरातला हौशी माणूस मात्र याच जिप्सीला ‘आर्मी ऑक्शनची’ म्हणून दुप्पट दराने घेतो, तिच्यावर दिवे आणि विंच, म्हणजे चिखलातून ओढून काढणारे दोरखंडाचे यंत्र, चढवतो आणि तिला रविवारी सकाळी नाश्त्याला नेतो. गाडीचे ज्ञान कोणाकडे आहे याविषयी या सदराचे मत ठाम आहे, आणि ते दुसऱ्याच्या बाजूने नाही.

ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी पर्यटकांना बंद असते. जुनी वेगवान गाडी घ्यायचा ज्यांचा बेत पक्का आहे, त्यांनी एखाद्या मंगळवारी मोहर्लीच्या बाजूला जाऊन रिकाम्या बसलेल्या जिप्सीचालकाला ती दाखवावी आणि तो गाडीखाली वाकून जे काही बोलेल ते मान्य करावे. त्यानंतरही खरेदी करायचीच असेल, तर फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.