हळदीचा पिवळा : एक संगणकीय मीमांसा

छायाचित्रे सुधारण्यासाठी, म्हणजे त्यांतील उजेड, रंग आणि नवरदेवाच्या कपाळावरचा घाम आटोक्यात आणण्यासाठी जो संगणक लागतो, तो सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत सहसा तयार विकत घेतला जात नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, कॅबिनेट असे सुटे भाग निवडून तो दुकानदाराकडून जोडून घेतला जातो आणि या क्रियेला व्यवहारात ‘असेंबल करणे’ म्हणतात. वरवर पाहता हा तांत्रिक निर्णय वाटतो. प्रत्यक्षात तो घरातील सर्वांनी मिळून घ्यावयाचा निर्णय असून, त्यात मशीनवर रोज बसणाऱ्या छायाचित्रकाराचे मत सर्वांत शेवटी, म्हणजे बहुधा आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर, विचारात घेतले जाते.

या प्रश्नाचा भूगोल आधी पाहिला पाहिजे. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याला सध्याचे नाव मिळाले. तालुक्यांची वाटणी सरकारने केली. रंगांची वाटणी मात्र त्याआधीच झालेली होती आणि तीत सांगलीच्या वाट्याला हळदीचा पिवळा, तर साताऱ्याच्या वाट्याला कासचा जांभळा आला होता. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले आणि पावसाळा सरत आला की सीतेची आसवे, तेरडा आणि सोनकी यांचे फोटो काढण्यासाठी तेथे फुलांच्या तोडीस तोड संख्येने माणसे जमतात. दुर्दैवाने हे दोन्ही रंग संगणकाच्या दृष्टीने अत्यंत अडचणीचे आहेत. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन घटकांनी बनतो. प्रत्येक घटकाच्या २५६ छटा धरल्या तर एकूण १,६७,७७,२१६ रंग होतात. परंतु १९९६ सालापासून सर्वत्र रूढ झालेली ‘एसआरजीबी’ ही रंगमर्यादा माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच सामावून घेते आणि उरलेले रंग जवळच्या परवडणाऱ्या रंगावर भागवते. हळद लागलेल्या गालावर निळा घटक शून्याकडे जातो, लाल घटक कमाल मर्यादेला टेकतो आणि हळद, हळदीखालचा गाल व गालावरचे लाजणे हे तिन्ही पदर एका सपाट पिवळ्या ठिगळात विलीन होतात. कासच्या फुलाचे दुःख याच्या उलट आहे. त्याचा जांभळा पडद्यावर निळ्याकडे सरकतो आणि वनस्पतिशास्त्राचा एखादा प्राध्यापक ही जातच निराळी असल्याचे नम्रपणे कळवतो.

शास्त्राध्ययनासाठी ओळखल्या जाणाऱ्या प्राज्ञपाठशाळेची वाई सातारा जिल्ह्यातच असल्यामुळे, सिद्धान्त सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध मते, मांडणे येथे कर्तव्यच ठरते. पहिला पूर्वपक्ष चिरंजीवांचा. त्यांच्या मते सर्व रक्कम ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे चित्रविषयक गणिते प्रोसेसरऐवजी स्वतः करणाऱ्या भागावर, खर्च करावी, “पप्पा, एवढं कार्ड टाका, पाच वर्षं बघायला नको.” या मताला आधार नाही असे म्हणता येत नाही, कारण अंधारात काढलेल्या फोटोतील दाणे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काढून टाकण्याची जी सोय २०२३ साली लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या प्रणालीत आली, ती ग्राफिक्स कार्डावरच विसंबून असते आणि कार्ड दुबळे असेल तर एकेका फोटोला काही मिनिटे घेते. युक्तिवाद खरा आहे म्हणूनच तो धोक्याचा आहे. त्यात एवढेच सांगायचे राहते की या कामाला मध्यम प्रतीचे कार्ड पुरते आणि चिरंजीवांनी बोट ठेवलेल्या कार्डाचे उरलेले सामर्थ्य रात्री अकरानंतर, दुकानाचे शटर खाली आल्यावर, निराळ्या प्रकारच्या युद्धभूमीवर खर्ची पडणार असते.

दुसरा पूर्वपक्ष हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याचा असून तो नेहमी फोनवरून मांडला जातो. “मामा, आत्ता घेऊ नका, दिवाळीनंतर नवीन जनरेशन येतंय,” हे त्याचे सूत्र. हे सूत्र कोणत्याही वर्षी आणि कोणत्याही महिन्यात खरे असते, त्यामुळे त्याचे काटेकोर पालन केल्यास संगणक कधीच घेता येत नाही आणि पैशांची संपूर्ण बचत होते; या दृष्टीने तिन्ही पक्षांत हाच सर्वांत काटकसरी म्हणावा लागेल. तिसरा पक्ष दुकानदाराचा. जो भाग दुकानात आहे तो उत्तम आणि जो नाही तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ‘परवा’ येणारा, असे त्याचे वर्गीकरण आहे. रंगीत दिवे लावलेले पंखे आणि झगमगणारी रॅम हा त्याचा विशेष आग्रह असतो. येथे एक विसंगती नोंदवणे भाग आहे. आपण एक कोटी सदुसष्ट लाख रंग दाखवतो, असे पंख्याच्या खोक्यावर अभिमानाने छापलेले असते. त्याच दुकानात त्याच बिलावर ‘चालतंय की’ म्हणून दिल्या जाणाऱ्या स्वस्तातल्या मॉनिटरचा पडदा मात्र पुष्कळदा सहा बिटांचा, म्हणजे प्रत्येक घटकाच्या ६४ छटांचा असतो, तो मुळात २,६२,१४४ रंगच दाखवू शकतो आणि बाकीचे रंग छटांची जलद अदलाबदल करून भासवतो. म्हणजे हळदीचा खरा पिवळा टेबलाखालच्या पंख्याला ठाऊक असतो आणि टेबलावरच्या पडद्याला नसतो.

आता एकेका भागाचा विचार. प्रोसेसर म्हणजे सर्व गणिते करणारा मुख्य भाग आणि त्याचे ‘कोअर’ म्हणजे आतले स्वतंत्र कामकरी. लग्नाच्या मांडवात हजार पोळ्या लाटायच्या असतील तर सोळा आचारी उपयोगी पडतात, पण एकच पोळी सोळा जणांनी लाटायला घेतली तर पुरण बाहेर येते. फोटोंचा संपूर्ण गठ्ठा एकदम बाहेर काढताना, म्हणजे एक्स्पोर्ट करताना, अनेक कोअर कामी येतात, आणि नवरीच्या गालावरचा एक तीळ फोटोशॉपमध्ये हलक्या हाताने ठेवायचा की काढायचा हे चालू असताना एकाच चपळ कोअरवर सारे अवलंबून असते. (तीळ काढू नये, तो बहुधा सासरच्यांनी पाहिलेला असतो.) म्हणून मधल्या फळीचा प्रोसेसर घ्यावा आणि त्याच्या नावापुढच्या आकड्याची शेजारच्या स्टुडिओशी तुलना करू नये.

रॅम म्हणजे चालू कामापुरती स्मृती. तिच्याविषयी वाद घालण्यापेक्षा हिशेब मांडणे सोपे आहे. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे एक पान १२ बाय ३६ इंचांचे असते. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर ते ३,८८,८०,००० ठिपक्यांचे होते आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरल्यास केवळ एका थराला सुमारे ११७ एमबी लागतात. त्यावर मागे धूसर केलेला सज्जनगड, पुढे वधूवर, कोपऱ्यात उडणारी कबुतरे, गुलाबाच्या पाकळ्या आणि इंग्रजीतली प्रेमविषयक ओळ असे दहाबारा थर चढले की पान एक जीबीच्या वर जाते. कबुतरे कमी केल्यास सोळा जीबीत भागेल. पण ती कमी करण्यास वधूपिता तयार नसतात, सबब बत्तीस जीबी घ्यावी आणि तीही सोळाच्या दोन पट्ट्यांत, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला स्मृतीकडे एकाच वेळी दोन वाटांनी जाता येते.

साठवणीच्या बाबतीत मात्र मोठी फसगत संभवते, आणि ती विक्रेत्याने केलेली नसते. एका लग्नात चार हजार फोटो निघाले आणि प्रत्येक ‘रॉ’ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली आणि अद्याप न शिजवलेली माहिती, तीस एमबीची धरली, तर एकूण १२० जीबी होतात. जुनी फिरती हार्डडिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या गतीने हे साधारण तेरा-चौदा मिनिटांत वाचते, साधी एसएसडी चार मिनिटांत, आणि मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई ही चपळ डिस्क सेकंदाला ३,५०० एमबीच्या गतीने अवघ्या पस्तीस सेकंदांत. हे ऐकून छायाचित्रकार आनंदाने एनव्हीएमई घेतो आणि घरी येऊन कॅमेऱ्याचे कार्ड त्याच जुन्या यूएसबी २ च्या रीडरमध्ये खुपसतो, ज्यातून सेकंदाला जेमतेम पस्तीस एमबी बाहेर पडतात. परिणामी पस्तीस सेकंदांचे काम तासाला तीन मिनिटे कमी इतक्या वेळात होते आणि तेवढ्यात कंदी पेढ्यांचा अर्धा खोका संपतो. काही हजारांच्या डिस्कचा वेग काही शेकड्यांच्या रीडरने ठरवावा, ही गोष्ट अन्यायाची खरी. पण तो अन्याय दूर करण्यास आणखी काही शेकडेच लागतात आणि तेवढ्यासाठी कोणी भाच्याला फोन करीत नाही.

हे सर्व भाग घेऊन झाल्यावर लाखाच्या अंदाजपत्रकात सातआठ हजार उरतात आणि त्यांत मॉनिटर येतो. येथेच सिद्धान्तपक्ष सुरू होतो, तो असा की मॉनिटर आधी घ्यावा, एकूण रकमेचा तिसरा हिस्सा त्याच्यासाठी बाजूला काढावा आणि उरलेल्या पैशांत बाकीचे मशीन बसवावे. कारण मंद मशीन फोटो उशिरा देते, पण खोटा पडदा चुकीचा फोटो वेळेवर देतो. बहुतेक स्वस्त मॉनिटर कारखान्यातून निळसर आणि डोळे दिपतील इतके उजळ येतात. पडदा निळसर म्हणून बसणारा माणूस फोटोत पिवळा वाढवतो, पडदा उजळ म्हणून तो फोटो काळसर करतो, आणि छापून आलेल्या अल्बममध्ये नवरी अंधाऱ्या खोलीत कावीळ झाल्यासारखी दिसते. यात छपाईच्या लॅबचा दोष नसतो, जरी पहिला फोन लॅबलाच जातो. उपाय म्हणून आयपीएस जातीचा, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारा पडदा घ्यावा, त्याचा पांढरा ६,५०० केल्विनवर आणि उजेड १०० ते १२० निटच्या आसपास आणावा, आणि हे डोळ्यांच्या अंदाजाने न करता पडद्यावर टेकवायच्या रंगमापकाने करावे. रंगमापक एकट्याला महाग पडतो, परंतु तो महिन्यातून एकदाच लागत असल्यामुळे तालुक्यातील छायाचित्रकारांनी मिळून एक घेण्यास हरकत नाही. हरकत फक्त पहिल्यांदा तो कोणाच्या घरी राहणार एवढीच असते. पडद्यामागची भिंत पिस्ता रंगाची असल्यास ती राखाडी करून घ्यावी.

रंग नीट न दिसण्याचे परिणाम किती दूरवर जातात, याचे या भागातील थोर उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. ते तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले होते. काही रंग ओळखण्यात त्यांच्या दृष्टीत दोष असल्याचे आढळल्यामुळे त्यांनी रंग सोडले, यंत्ररेखन धरले आणि पुढे १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी उभी केली. जागा देणारे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. या इतिहासावरून मॉनिटरबाबत निष्काळजी राहण्याचे समर्थन कोणी करू नये. दोष डोळ्यांत असेल तर नांगरांचा कारखाना निघू शकतो. दोष मॉनिटरमध्ये असेल तर अल्बम परत येतो, एवढेच.

वीजपुरवठ्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, १,९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाचे धरण ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात एक्स्पोर्टची पट्टी ९७ टक्क्यांवर आली की वीज जाते. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॉटच पेलतो, त्यामुळे चिरंजीवांचे कार्ड बसवले असल्यास तो मोठा घ्यावा लागतो आणि हा खर्च चिरंजीवांनी सांगितलेला नसतो.

साठवण टिकवण्याचा विषय सांगलीला नवा नाही आणि त्याबाबत थट्टा फार ताणणेही बरे नाही. हरिपूरला हळद वर्षानुवर्षे जमिनीखालच्या पेवांत ठेवली जात असे. २००५च्या महापुराने त्या पेवांची दैना केली, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले तेव्हा अनेक घरांतली लग्ने, बारशी आणि साठीशांती हार्डडिस्कसकट पाण्यात गेली. जगभरातील छायाचित्रकारांत एक नियम रूढ आहे : तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. सांगलीपुरता त्याचा अर्थ असा की दुसरी प्रत माडीवर आणि तिसरी साताऱ्याच्या बहिणीकडे, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, पुराच्या पाण्यापासून लांब. ती ज्या कपाटात ठेवायची त्या कपाटात भाऊबीजेला काहीतरी ठेवले गेले पाहिजे, ही त्या सेवेची वार्षिक वर्गणी होय आणि कोणत्याही क्लाउडपेक्षा ती स्वस्त पडते.

हे सर्व जुळून आले, मॉनिटर मापून घेतला, हळद आणि कास दोन्ही जागच्या जागी बसले, तरी अल्बम पाहताना नवरीची मावशी आपल्या शालूचा रंग असा नव्हताच, तो मोरपंखी होता, असे म्हणणारच. शास्त्रदृष्ट्या तिचे म्हणणे बरोबर आहे, कारण मोरपंखीकडे झुकणारे हिरवे-निळे रंग एसआरजीबीच्या मर्यादेबाहेर सर्वाधिक सांडतात. पुराव्यादाखल ती शालू स्टुडिओत घेऊन आल्यास वाद घालू नये; ट्यूबच्या उजेडात जुळलेले दोन रंग उन्हात जुळतीलच असे नसते आणि याच्या उलटही घडते, म्हणून शालू आणि अल्बम दोन्ही दारात उन्हात नेऊन शेजारी धरावेत, मावशींना चहा सांगावा आणि अल्बमचा राहिलेला हप्ता त्या दिवशी मागू नये.