मे महिन्यातलं घोंगडं

न्यूझीलंडला मे महिन्यात जाऊ नये असं मराठी माणसाला कोणी सांगत नाही, कारण सांगून उपयोग नसतो. आपली सुट्टी मेमध्ये, लग्नाचे मुहूर्त मेमध्ये, आंबे मेमध्ये. मग परदेशवारी तरी मागे का राहील? दक्षिण गोलार्धात त्या वेळी हिवाळा दाराशी येऊन उभा असतो, हे शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. पण पुण्यात पंख्याखाली घामाघूम बसलेल्या माणसाला ‘तिकडे थंडी आहे’ ही धोक्याची सूचना वाटत नाही, आमंत्रण वाटतं.

लेक क्राइस्टचर्चला असते. तिनं आम्हां दोघांसाठी कॅम्परव्हॅन ठरवली आणि फोनवर कौतुकानं सांगितलं, “आई, आत सगळं आहे. गॅस, सिंक, पलंग, फ्रिजसुद्धा.” त्या फ्रिजचा मला फार उपयोग झाला. टेकापो तळ्याच्या काठी रात्री दूध गोठू नये म्हणून मी ते फ्रिजमध्ये ठेवत असे.

टेकापोची उंची म्हणाल तर सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून थोडीच जास्त. पण पुण्याच्या शेजारी लोणावळा आहे आणि टेकापोच्या शेजारी बर्फाचे डोंगर. शिवाय तिथलं आभाळ जगात नावाजलेलं. तारे नीट दिसावेत म्हणून २०१२ सालापासून तो सगळा मुलूख राखीव आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा माना खाली घालून उभे. सगळे त्या ताऱ्यांचं कौतुक करतात. पण तारे लखलखीत म्हणजे वर ढग नाहीत, आणि ढग नाहीत म्हणजे जमिनीनं दिवसभर साठवलेली ऊब रात्री सरळ आभाळात जाते, हे कोणी सांगत नाही. आकाशदर्शनाची रात्र आणि कुडकुडण्याची रात्र एकच असते.

आमच्याकडे खरेदीच्या आधी अभ्यास होतो. तो हे करतात. निवृत्त इंजिनिअर असल्यामुळे घरात आता अभ्यासाला विषय कमी पडतात, त्यामुळे स्लीपिंग बॅगचा विषय मिळाल्यावर ते महिनाभर प्रसन्न होते. त्या पिशवीवर तीन तापमानं छापलेली असतात: आरामाचं, मर्यादेचं आणि टोकाचं. आरामाचा आकडा ठरवायला युरोपीय मानकात एक ‘प्रमाण स्त्री’ धरतात, मर्यादेचा ठरवायला एक ‘प्रमाण पुरुष’. दोघंही २५ वर्षांचे. ती ६० किलोची, तो ७३ किलोचा. ह्यांनी हे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मीही ह्यांच्याकडे पाहिलं. प्रमाणात बसणारं घरात कोणी नव्हतं.

तिसरा आकडा सगळ्यात देखणा. “उणे सोळा! एवढ्या पैशांत!” हे हरखले. मग बारीक अक्षरं वाचली. टोकाचं तापमान म्हणजे त्यात झोप लागते असं नव्हे. त्यात ती प्रमाण बाई सहा तास थंडीनं मरत नाही, एवढीच हमी. बोटं गारठून कामातून जाऊ शकतात, ती तिची ती बघेल. मी म्हटलं, झोपायला जायचंय की तग धरायला? पण सेल संपत आला होता. पिशवी आली.

मी माझ्याकडून दोन वस्तू घेतल्या. एक आईची गोधडी आणि दुसरं वडिलांचं घोंगडं. माझं माहेर पंढरपूरचं. घोंगडं दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, काळंकरडं, कडक. ओलसर हवेत त्याला चिंचोक्याच्या खळीचा वास अजून येतो. ह्यांचं एकच म्हणणं, “टोचतं.” नेऊ की नको, हा प्रश्न बॅगा भरेपर्यंत भिजत पडला होता. शेवटी मी ते तळाशी कोंबलं, वर चकल्या ठेवल्या.

न्यूझीलंडच्या विमानतळावर अशा वस्तू आधी जाहीर कराव्या लागतात. लपवून नेल्या तर चारशे डॉलर दंड. मी सगळं जाहीर केलं, चकल्यांसकट. हातमोजे घातलेल्या बाईनं घोंगडं टेबलावर पसरलं. शेतातली माती, गवताचं बी, काही अडकलंय का म्हणून दिव्याखाली वीण न् वीण तपासली. त्या देशात माणसामागे चार-पाच मेंढ्या आहेत, आणि त्यांतल्या काही मेरिनोसारख्या मऊ लोकरीच्या. तिनं आमचं घोंगडं दोन बोटांत चोळून पाहिलं आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की आमच्याकडच्या मेंढ्यांची मलाच दया आली. पण सोडलं बाई तिनं.

पहिल्या रात्री हे पिशवीत शिरले. पिशवी डोक्याकडे रुंद, पायाकडे निमुळती. आत गेल्यावर कुशीवर वळायचं तर पिशवीसकट वळायचं. मध्यरात्री ह्यांना बाहेर जायची वेळ आली. साठीनंतर ही वेळ चुकत नाही, प्रमाण पुरुषाला ती ठाऊक नसते. चेन छातीपर्यंत उतरली आणि आतलं पातळ अस्तर तिच्या दातांत गेलं. खाली सरकेना, वर जाईना. मी मोबाइलचा उजेड तोंडात धरला आणि दोन्ही हातांनी अस्तर ओढू लागले. “हळू, हळू!” “अहो, तुम्ही आधी पोट आत घ्या.” “घेतलंय!” व्हॅन डावी-उजवीकडे झुलत होती. शेजारच्या व्हॅनमधला दिवा लागला आणि जरा वेळानं समजूतदारपणे विझला. सकाळी तिथल्या गोऱ्या आजोबांनी ह्यांना अंगठा उंचावून ‘गुड मॉर्निंग’ केलं. का, ते ह्यांना अजून कळलेलं नाही.

मी मात्र पिशवीत नव्हते, गाडीतल्या दुलईत होते. अंगावर दुलई, तिच्यावर गोधडी, आणि तरी पाठ गार. पांघरूण वाढवत जावं तसतशी पाठ जास्तच गार वाटत होती. सकाळी लेकीला फोन केला तर जावईबापूंनी उलगडा केला. पांघरूण स्वतः गरम नसतं, त्यात अडकलेली हवा आपली ऊब धरून ठेवते. अंगाखाली आपल्याच वजनानं ती हवा दाबून निघते. खाली फळी, फळीखाली मोकळी जागा, तिथं बाहेरची थंडी ऐसपैस बसलेली. म्हणजे वर कितीही थर चढवा, गळती तळाला. पुढच्या रात्री मी गादीवर घोंगडं अंथरलं, त्यावर चादर. चादरीमुळे टोचलं नाही आणि पाठ गरम झाली. पंढरपूरचा धनगर हे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर करत आलाय. त्यानं कधी तक्ता छापला नाही एवढंच.

गोधडीबद्दल मात्र मला सत्य बोललं पाहिजे, आईची असली तरी. बंद गाडीत दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती सगळी वाफ काचांवर जमते आणि पहाटे टपटप खाली येते. सुती गोधडी ते पाणी पिते आणि पहाटे ओलं फडकं होऊन अंगावर पडून राहते. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. पुण्याच्या डिसेंबरात गोधडीला तोड नाही, पण शून्याखाली तिची माया पुरत नाही. वाफेवर उपाय म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवायची. हे ऐकून ह्यांना धक्का बसला. इतका खर्च करून ऊब विकत घ्यायची आणि खिडकी उघडी टाकायची? त्यापेक्षा गॅस पेटवून ठेवू, म्हणाले. मी तेवढ्यापुरता आवाज चढवला. बंद गाडीत उबेसाठी शेगडी पेटवणाऱ्यांची बातमी आपल्याकडेही दर हिवाळ्यात येते. त्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय गरम पाण्याच्या पिशवीचा निघाला. निजण्याआधी पायाशी ठेवायची. तिकडे तिला लाडानं ‘हॉटी’ म्हणतात. जावयानं फोनवर सगळ्यांदेखत “बाबांना हॉटी मिळाली का?” असं विचारलं, तेव्हा हे जितके लाजले तितके आमच्या लग्नातही लाजले नव्हते.

उणे सोळाची पिशवी ह्यांनी परत आणली. ती आता माळ्यावर आहे, अभ्यासाच्या कागदांसकट. तुम्ही अशा गाडीनं निघालात तर अंगाखाली काय घालायचं ते आधी ठरवा, अंगावरचं नंतर. आणि गाडी ताब्यात घेताना दुसरी दुलई मागून घ्या. दोन माणसांत एकच देतात, आणि पहाटे चारला ती कोणाकडे असते हे लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको.