टॉपकर

त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकात होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. बाकी संस्थेला ते टॉपकर. 'टॉप' हा लिनक्सवरचा एक साधा प्रोग्राम. मशीनवर या घडीला कोणकोणती कामं चालू आहेत, कोण किती सीपीयू खातंय, याची यादी तो दाखवतो आणि दर 3 सेकंदांनी ती ताजी करतो. लोक अडल्यानडल्या वेळी तो उघडतात. टॉपकर सकाळी पावणेदहाला डबा टेबलावर ठेवला की उघडत आणि संध्याकाळी डबा उचलताना बंद करत. मधल्या वेळात कोणी 'नमस्कार सर' म्हणालं, तर यादी एकदा ताजी झाल्यावरच मान वर होई. नमस्कार वाया गेला असं समजून निघालेल्या माणसाला तो दारात गाठत असे.

संस्था पुण्यातली, संशोधनाची. पीएचडीची मुलं भरपूर, शास्त्रज्ञ बेताचे आणि सगळ्यांत मिळून एकच बरा सर्व्हर. त्यावर कोणाचे रेणू थरथरत असत, कोणाच्या आकाशगंगा एकमेकींवर आपटत असत, कोणी जनुकांची जुळणी लावून जेवायला गेलेलं असे. कामं नेहमीच प्रोसेसरच्या कोअरपेक्षा जास्त. त्यामुळे कोणी पुढे जायचं आणि कोणी थांबायचं, हा प्रश्न रोजचा, आणि त्याचा निकाल लावणारे टॉपकर. 'रूट', म्हणजे मशीनवरचं सर्वाधिकारी खातं, त्यांच्याच हातात.

नव्या मुलाला लॉगिन देताना ते त्याला समोर बसवून पंगत समजावून सांगत. वाढपी एक, पानं पन्नास. तो इतका झपाझप फिरतो की प्रत्येकाला वाटतं, हा आपल्यापाशीच उभा आहे. त्याच्याकडे एक वही असते. तिच्यात ज्याच्या नावावर सगळ्यांत कमी जेवण मांडलेलं, त्याच्या पानात पुढचा डाव. इथवर सगळं समान. खरी मजा 'नाइस' नावाच्या आकड्यात. तो उणे 20 पासून 19 पर्यंत कितीही असू शकतो. जन्मतः प्रत्येक कामाला शून्य. आकडा जितका मोठा तितकं काम मागे. हे उलटं गणित गणितात पदक मिळवून आलेल्या मुलांनाच जास्त जड जाई.

"मागे म्हणजे पान काढून घेत नाहीत," टॉपकर सांगत. "वहीत नोंद वाढवून करतात. 5 वाल्याला एक घास वाढला की लिहायचे 3. 19 वाल्याला एक वाढला की लिहायचे 68. तो बिचारा एका घासात जेवून उठल्यासारखा दिसतो. आणि उणे 20 वाला 87 घास खातो, तेव्हा कुठे वहीत एक चढतो."

"म्हणजे सर, हा तर भ्रष्टाचार झाला."

"छे. हा रूटचा अधिकार."

ही वही लिनक्समध्ये 2007 साली इंगो मोलनार यांनी आणली. त्याच्याआधी समान वाटपाचा आग्रह धरून बसलेले कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर, पेशाने भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रिया आटोपल्यावर घरी हौस म्हणून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, दुरुस्त करणारे. मोलनार यांनी त्यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं होतं. टॉपकरांना या गोष्टीचं कोण अप्रूप. "कोणाला कधी झोपवायचं आणि कधी जागं करायचं, हे भूल देणाऱ्यालाच कळणार," असं ते म्हणत, आणि या वाक्यावर समोरचा हसेपर्यंत पुढचं बोलत नसत.

चालू कामाचा आकडा मध्येच बदलायचा, तर त्यासाठी 'रीनाइस' ही आज्ञा आहे. 1980च्या सुमाराला बर्कलेच्या युनिक्समध्ये आली ती. इतर ठिकाणी लोक ती टाइप करतात आणि विसरतात. टॉपकर तिची नोंद ठेवत. लाल पुठ्ठ्याच्या लांबोड्या वहीत तारीख, प्रोसेसचा नंबर, मालक, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण असे रकाने होते. मला विचाराल तर संस्थेचा खरा इतिहास वार्षिक अहवालात नाही, त्या शेवटच्या रकान्यात आहे. 'पेपरची मुदत.' 'गाइड रागावले.' 'लग्न ठरले, त्याआधी प्रबंध.' 'गाइड पुन्हा रागावले.' 'काही कारण नाही, पण डोळ्यांत पाणी.' एका ठिकाणी नुसतं 'नातेवाईक' असं लिहून ते खोडलेलं होतं, आणि आकडाही खोडून होता तोच ठेवलेला.

नियम असा की आपलं काम आपण होऊन मागे सारायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढे आणायचं असेल तर रूट लागतो. आणि एकदा का तुम्ही 10 वर गेलात, की परत शून्यावर येणं हेही पुढे येण्यातच जमा. एका गुणी मुलीने गर्दी बघून आपलं काम आपल्याच हाताने 19 वर नेऊन ठेवलं. तिला वाटलं, गर्दी ओसरली की आणू परत. गर्दी ओसरेना, आणि आकडा तर हलायलाच तयार नाही. रडवेली होऊन ती टॉपकरांकडे आली. त्यांनी आकडा शून्यावर आणून दिला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सज्जनपणा अंगाशी आला.' वर तिची समजूत घातली, की 19 ला एवढं घाबरायचं कारण नाही. मध्यरात्र उलटली की मशीनवर कुत्रं नसतं, आणि दुसरं कोणी मागणारं नसेल तर 19 वालाही अख्खा कोअर खातो. वाढपी रिकामा बसत नाही.

मागे राहिलेल्या कामांची त्यांना खरीच काळजी असे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाठ्यपुस्तकांत एक दंतकथा सांगतात, ती त्यांना तोंडपाठ होती. 1973 साली एमआयटीमधलं आयबीएम 7094 हे मशीन बंद करायला घेतलं, तेव्हा त्यात 1967 साली दिलेलं एक कमी प्राधान्याचं काम सापडलं. अजून सुरूच व्हायचं होतं. पुस्तकंही ती ऐकीव म्हणूनच देतात. पण टॉपकर ती सांगताना असा आवाज काढत, की ते काम कोणाच्या तरी चुलतभावाचं असावं.

त्यांची खरी कसोटी एका दिवाळीत लागली. मुलं गावी गेलेली आणि सहा शास्त्रज्ञांना एकाच परिषदेसाठी निबंध पाठवायचे. सहाजणांच्या कामांनी मिळून सगळे कोअर गच्च भरलेले. पहिले आले ते दार लोटून घेऊन आले. "जरा पुढे करता का? उणे 5 द्या. आणि हे आपल्यातच राहू द्या." टॉपकरांनी दिलं. जेवणाच्या सुट्टीत दुसरे आले, त्यांनीही दार लोटलं. दोन दिवसांत सहाही जण येऊन गेले, सगळे गुपचूप, आणि सहाही उणे 5 वर बसले. आता पंगतीतल्या प्रत्येकाच्या नोंदीत सारखीच सूट दिली, तर कोणाच्याच पानात डावभर जास्त पडत नाही. सगळे शून्यावर असताना जे होतं, तेच. पण पुढच्या सोमवारी सहाही जण एकेकटे येऊन आभार मानून गेले. "काय पळालं हो मशीन!" एकांनी चकल्यांचा डबाही आणला होता. वहीत त्या सहा नोंदींना मिळून एकच कारण आहे: 'समता.'

दुसरी त्यांची आवडती कथा मंगळावरची. नव्या माणसाची यातून सुटका नसे. 4 जुलै 1997 रोजी नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. झालं होतं असं की हवामानाच्या नोंदी करणारं एक बारकं, कमी प्राधान्याचं काम सामायिक माहितीचं कुलूप हातात धरून होतं. एक फार महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी खोळंबलेलं. मधल्या दर्जाची कामं बारक्याला हलूच देईनात, त्यामुळे कुलूप सुटेना. मोठं काम वेळेत झालं नाही हे पाहून यंत्रणेची खात्री पटली, की काहीतरी भयंकर बिघडलंय, आणि तिने सगळंच नव्याने सुरू केलं. पृथ्वीवरच्या मंडळींनी ते प्रयोगशाळेत घडवून पाहिलं आणि इथून दुरुस्ती पाठवली: ज्याच्या हातात कुलूप आहे, त्याला तेवढ्यापुरता खोळंबलेल्या मोठ्याचा दर्जा द्यायचा.

"किल्ली शिपायाकडे असेल," टॉपकर समारोप करत, "तर किल्ली देईपर्यंत शिपाई डायरेक्टर."

हे त्यांनी अमलातही आणलं. दिल्लीहून पाहुणे आले होते, व्याख्यानाचं सभागृह बंद आणि किल्ली असलेला शिपाई फाटकापलीकडे चहाला. डायरेक्टर दारात ताटकळत उभे. मधल्या फळीतले अधिकारी शिपायाला फोन करकरून झापत होते, त्या झापण्यात तो पाच मिनिटं चहाच्या गाडीपाशीच अडकलेला. टॉपकर पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, तुमची गाडी पाठवा." शिपाई डायरेक्टरांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून आला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला सलाम ठोकला. त्यानंतर शिपाई आठवडाभर किल्ली खिशात घालून चहाला जात होता.

प्राधान्याने सगळं सुटतं, अशी समजूत टॉपकरांची कधीच नव्हती. ती इतरांची होती. एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ तावातावाने आले. त्यांचं काम सकाळपासून जागचं हललं नव्हतं. टॉपकरांनी यादीत त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. स्थितीच्या रकान्यात 'डी' होता. म्हणजे काम डिस्कवरून माहिती यायची वाट पाहत झोपलंय. सीपीयू त्याला नकोच आहे, मग आकडा बदलून काय मिळणार? सगळं ऐकून घेऊन सर म्हणाले, "ते ठीक आहे. तरी पण." टॉपकरांनी निमूट उणे 5 दिलं. सर पडद्याकडे टक लावून होते. यादी ताजी झाली. "हां! आता कसं!" असं म्हणून सर निघून गेले. 'डी' तिथेच होता. कारणाच्या रकान्यात 'समाधान'.

एका हुशार मुलाने त्यांना कोंडीत पकडायचा प्रयत्न केला होता. पुस्तिका वाचून तो आला होता. 2011पासून लिनक्समध्ये 'ऑटोग्रुप' आहे, सर. एकेका सेशनची कामं एका गटात पडतात, आणि नाइसचा आकडा त्या गटापुरताच चालतो. म्हणजे ते सुरू असेल, तर तुम्ही एकाच्या लॉगिनमधलं काम दुसऱ्याच्या पुढे-मागे करता, त्याने काहीच होत नाही! मुलाचा चेहरा फुललेला. टॉपकरांनी न बोलता सेटिंगची फाइल उघडून दाखवली. ऑटोग्रुप शून्यावर, म्हणजे बंद. शेजारी तारीख, मशीन बसवलं त्याच दिवसाची.

"का बंद केलंत, सर?"

"नाहीतर मी दिवसभर काय करू?"

खोलीबाहेर पडले की हा माणूस स्वतःच 19 वर जाई. कर्वे रस्त्यावर स्कूटर उजवीकडे वळवायची असेल, तर समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ते हाताने 'या' म्हणत, आणि मागे बसलेल्याचा क्लास बुडे. कँटीनमध्ये त्यांच्या हातातलं कुपन दोनदोनदा गार होत असे. अख्ख्या आयुष्यात वशिला लावला असेल तर एकच: मशीनवर त्यांची स्वतःची एक टर्मिनलची खिडकी कायम उणे 15 वर उघडी असे. सर्व्हर गळ्यापर्यंत भरला, की बाकी कोणाची अक्षरं उमटत नसत, यांची उमटत. सोयीचीच गोष्ट, कोणीही शहाणा ॲडमिन तेवढं करून ठेवतो. पण ती खिडकी कोणाच्या नजरेला पडली, की ते ओशाळून फाइल आडवी धरत.

मग संस्थेने क्लस्टर घेतला आणि 'स्लर्म' आलं. आता कामं रांगेत लागतात, आणि कोणी आजवर किती वापर केला ते पाहून पुढचा नंबर स्लर्मच ठरवतं. लोकांना वाटलं, टॉपकर खचणार. ते उलट खूश झाले. जुना वापर स्लर्म हळूहळू विसरतं, आणि आमच्याकडे तो हिशेब आठवड्याचा ठेवला होता. "दर आठवड्याला पाप निम्मं होतं," असं ते प्रत्येकाला सांगत सुटले. तक्रार घेऊन येणारे मात्र थांबले. यंत्राने मागे ठेवलं तर राग कोणावर काढायचा, हे कोणाला समजेना, आणि लाल वहीची शेवटची पानं कोरी राहिली.

निवृत्तीनंतर ते एकदा बँकेत दिसले. ज्येष्ठ नागरिकांची खिडकी वेगळी होती आणि तिच्यासमोर दारापर्यंत रांग. साध्या खिडकीपाशी तिघं, त्यांतले तिसरे टॉपकर.

"आजोबा, तुमची रांग तिकडे," शिपाई म्हणाला. "तुम्हाला आधी घेतात."

"तिकडे सगळेच उणे 5 आहेत."

शिपायाने त्या रांगेकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. तेवढ्यात मागे एक बाई आल्या. कडेवर मूल, हातात पासबुक. टॉपकर लगेच बाजूला झाले. "या, या, आधी तुम्ही." त्यांच्यामागून हेल्मेट घातलेला एक मुलगा आला, त्यालाही घाई होती. मी लॉकरचं काम आटोपून तासाभराने बाहेर आलो, तेव्हा ते अजून तिसरेच होते.