‘आपला आज्ञाधारक’ आता पुरे!

शाळेत मराठीच्या पेपरात अर्जलेखन हमखास यायचं. मायना, विषय, ‘महोदय’, आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक’. मायना चुकला की मार्क जायचे, शेवट चुकला की जायचे. मधे काय लिहिलंय याची फिकीर कुणालाच नसायची. शाळा सुटली, ही सवय सुटली नाही. पदवी घेतलेली मुलं आजही नोकरीचा अर्ज तसाच लिहितात. आपल्या नामांकित कंपनीत सेवेची संधी द्यावी, मी संधीचं सोनं करीन, आपणांस तक्रारीला जागा देणार नाही. समोरच्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: तुला काय येतं? नेमकं तेवढंच कागदावर नसतं.

अर्जात हात जोडायचे नसतात. त्या हातांनी आजवर काय केलं, ते सांगायचं असतं.

परवा शेजारची एक मुलगी बायोडाटा दाखवायला आली. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झालेली. बायोडाटा झेरॉक्सच्या दुकानात पन्नास रुपये देऊन करून घेतलेला. तालुक्याच्या गावी लग्नाचा आणि नोकरीचा बायोडाटा एकाच कॉम्प्युटरवर होतो, त्यामुळे वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती सगळं ओळीनं आलेलं. त्याखाली ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून एक लांबलचक इंग्रजी वाक्य. त्याचा अर्थ विचारला तर तिला सांगता येईना. मग एमएस-सीआयटी, टायपिंग मराठी 30, इंग्रजी 40. मग ‘हार्ड वर्किंग, पॉझिटिव्ह थिंकिंग’. छंद, गाणी ऐकणे. तळाला ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ आणि सही.

“दोन वर्षं काय करत होतीस?”

“काही नाही काका, घरीच.”

“घरी म्हणजे?”

“मामाचं किराणा होलसेलचं दुकान आहे ना, तिथं बसते.”

“बसून काय करतेस?”

हळूहळू बाहेर आलं. महिन्याला तीनेकशे बिलं टॅलीत टाकते. खरेदीची बिलं पोर्टलवरच्या जीएसटीआर-2बीशी ताडून बघते. विक्रीचा तपशील 11 तारखेच्या आत, जीएसटीआर-3बी रिटर्नचे आकडे 20 तारखेच्या आत कर सल्लागाराकडे तयार करून देते. उधारीची यादी ठेवते, वसुलीचे फोनही तीच करते. दोन वर्षांत एकदाही लेट फी भरावी लागलेली नाही.

“मग हे का नाही लिहिलंस?”

“ते काय लिहायचं? मामाचंच काम आहे ते.”

मी हादरलो. हे वाक्य तिचं एकटीचं नाही. घरचं काम आपण कामात धरतच नाही. पहाटे दूध संकलन केंद्रावर फॅट काढणारा मुलगा स्वतःला ‘फ्रेशर’ म्हणवतो. बचत गटाचं रजिस्टर पाच वर्षं बिनचूक ठेवणारी बाई अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिते. गणेश मंडळाची वर्गणी, पावत्या आणि ऑडिट सांभाळणारा पोरगा ‘छंद: क्रिकेट’ लिहून मोकळा होतो. ही नम्रता नव्हे. आपल्याच कष्टांची किंमत न करणं आहे, आणि ते आपण मुलांना लहानपणापासून शिकवलंय.

बायोडाटा लिहायच्या आधी कोऱ्या कागदावर एक प्रश्न लिहा: माझ्यावाचून कुठं काय अडलं असतं? त्याची जी उत्तरं येतील, तोच तुमचा बायोडाटा. बाकी सगळा मायना.

●

प्रामाणिक, कष्टाळू, जिद्दी, टीममध्ये काम करण्याची तयारी. ही विशेषणं खोडून टाका. आळशी आणि लबाड असं कुणीच लिहीत नाही, त्यामुळे ती वाचून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘हिशोबात काटेकोर’ लिहिण्यापेक्षा ‘24 महिन्यांत एकही रिटर्न उशिरा नाही’ असं लिहा. विशेषण आपोआप त्याच्या मनात उमटेल.

आयटीआय केलेली मुलं ‘सीएनसी येतं’ एवढंच लिहितात. चाकणचा असो की वाळूजचा, शॉपमधला सुपरवायझर पुढचं विचारणारच: सेटिंग येतं की नुसतं ऑपरेटिंग? कंट्रोल फॅनकचा की सीमेन्सचा? ड्रॉइंग वाचता येतं का? मायक्रोमीटर हातात धरलाय का? त्याच्या तोंडून निघणारे हे प्रश्न आधीच ओळखून कागदावर उत्तर द्या.

●

दोन रंगीत रकाने, कोपऱ्यात फोटो, आणि ‘इंग्रजी 80 टक्के’ दाखवणारी भरलेली पट्टी. 80 टक्के इंग्रजी म्हणजे काय, हे ती पट्टी काढणाऱ्यालाही सांगता येणार नाही. ‘ग्राहकाशी फोनवर इंग्रजीत बोलतो’ असं लिहिलं तर कळतं.

नोकरीच्या पोर्टलवर तुमचा कागद आधी सॉफ्टवेअर वाचतं. चौकटी, रकाने, चित्रातली अक्षरं यांत त्याचा पुष्कळदा गोंधळ होतो. भरती करणारा माणूस तिथं ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘वेल्डिंग’ असे शब्द टाकून शोधतो. म्हणून एकच रकाना, साधा फाँट, नवख्यानं एकच पान. जाहिरातीत जे शब्द आहेत त्यांतलं जे खरंच येतं, ते त्याच शब्दांत. छापलेल्या कागदाचा मोबाइलनं फोटो काढून पाठवू नका, पीडीएफ पाठवा. फाइलचं नाव ‘न्यू बायोडाटा फायनल 3’ ठेवू नका. स्वतःचं नाव आणि पद लिहा. शंभर फायलींतून तुमची शोधायची कशी, हा विचार तुम्हीच करायचा आहे.

आधार आणि पॅन नंबर बायोडाट्यावर कशाला? तो कागद कुणाकुणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही. निवड झाल्यावर मागतील तेव्हा द्या. आणि रजिस्ट्रेशन फी मागणारा नोकरी देत नसतो, तो धंदा करत असतो. त्याला एक रुपयाही देऊ नका.

●

सोबतचं पत्र. इथं तर ‘आज्ञाधारक’ ठाण मांडून बसलेला असतो. आता त्याच्या जोडीला चॅटजीपीटी आलंय. एकाच जाहिरातीला आलेली वीस पत्रं एकाच तोंडची वाटतात: आपल्या प्रतिष्ठित संस्थेच्या ध्येयधोरणांनी मी प्रेरित झालो आहे. कुठली ध्येयधोरणं? ती वाचलीयत कुणी? शुद्धलेखन तपासायला मशीन खुशाल वापरा. तुमच्या मामाच्या दुकानात काय घडतं हे त्याला ठाऊक नाही. ते तुम्हीच सांगायचं.

पत्रात तीन गोष्टी पुरतात. कुठल्या पदासाठी लिहितो आहे. त्या कामासारखं कुठलं काम केलंय. कधीपासून येऊ शकतो. त्या मुलीसोबत बसून लिहिलेलं पत्र असं झालं:

‘अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी अर्ज करत आहे. टॅली आणि जीएसटीचा अनुभव हवा, असं जाहिरातीत म्हटलं आहे. दोन वर्षं मी किराणा मालाच्या होलसेल दुकानात महिन्याला सुमारे 300 बिलांची टॅलीत नोंद करते, खरेदी 2बीशी ताडते आणि रिटर्नचे आकडे वेळेत तयार करून देते. या काळात लेट फी लागलेली नाही. पगारपत्रकाचं काम केलेलं नाही, ते शिकायची तयारी आहे. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून रुजू होऊ शकते.’

यात विनवणी नाही, बढाई नाही. जे येत नाही तेही सांगितलंय, म्हणून जे येतं त्यावर विश्वास बसतो.

खोटा अनुभव लावणाऱ्यांनाही एक सांगणं. पीएफचा यूएएन नंबर 2014 पासून आहे. नोकरी बदलली तरी तो तोच राहतो, आणि पीएफ कापणाऱ्या कंपन्यांत तुम्ही कधी लागलात, कधी सोडलंत हे त्यात दिसतं. पडताळणीत खोटं उघडं पडलं की हातची नोकरी जाते. मधे दोन वर्षं आजारी सासऱ्यांचं केलं असेल तर तसं एका ओळीत लिहा. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

●

आता ज्यांच्या टेबलावर हे अर्ज पडतात, त्यांच्याकडे वळतो.

आपल्या अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. इंग्रजी दैनिकांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4,808 अर्ज पाठवले गेले. शिक्षण आणि अनुभव तोलामोलाचे, फरक नावांचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम वाटेल असं. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याचं पारडं दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघालं. मुलाखत झालेली नाही, चेहरा दिसलेला नाही. नुसतं आडनाव वाचून हा निवाडा.

म्हणून मुलांना सांगतो: जात, धर्म, लग्न, वडिलांचा व्यवसाय हे सगळं बायोडाट्यातून काढा. त्याचा कामाशी काही संबंध नाही. पण आडनाव कुठं काढणार? ते काम कंपन्यांचं आहे. पहिली चाळणी लावताना नाव झाका आणि फक्त काम वाचा. खर्च काही नाही, लागते ती नियत.

मुलींना मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ विचारणाऱ्यांनाही आठवण करून देतो. भरतीत बाई म्हणून डावलायला समान वेतन कायद्यानं 1976 मध्येच मनाई केली. हा प्रश्न तुम्ही मुलाला विचारत नाही, एवढ्यातच त्याचा हेतू कळतो.

‘फ्रेशर पाहिजे, अनुभव दोन वर्षं’ अशी जाहिरात देऊ नका. पगाराच्या जागी ‘योग्यतेनुसार’ लिहू नका, आकडा लिहा. मुलाखतीला साताऱ्याहून पुण्याला येणारा मुलगा एस.टी.चं भाडं उसनं घेऊन आलेला असू शकतो. निवड झाली नाही तर दोन ओळींचं उत्तर पाठवा. तो महिनाभर फोन हातात धरून बसतो. उमेदवाराकडून नम्रता मागणाऱ्यांनी तेवढं तरी सौजन्य दाखवावं.

कॉलेजांनो, शेवटच्या सेमिस्टरला सगळ्या वर्गाला एकच नमुना वाटू नका. त्यामुळे साठ मुलांचे साठ बायोडाटे नाव सोडून सारखे होतात. त्यापेक्षा पहिल्या वर्षापासून मुलांना एक वही घालायला सांगा. केलेलं काम, तारीख, आकडा. तीन वर्षांनी त्यातूनच अर्ज तयार होईल.

●

त्या मुलीचं पुढं काय झालं? एक अडचण उरली होती. दोन वर्षांच्या कामाचा दाखला नव्हता. मामाच्या दुकानात दाखला कसला मागायचा, म्हणून तिनं कधी मागितलाच नव्हता. पगाराचंही तसंच. दिवाळीला ड्रेस आणि अधूनमधून हातावर पाचशे.

मी तिला मामांकडे पाठवलं. तिथं काय झालं, ते तिनं येऊन सांगितलं. मामा आधी गप्प बसले. मग म्हणाले, “तू गेल्यावर अकरा तारखेला मी काय करू?”

दोन वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. मामांनी दुसऱ्या दिवशी लेटरहेड काढलं. कधीपासून कधीपर्यंत, कुठलं काम, रिटर्न वेळेत. चार ओळी, सही, शिक्का. तो कागद आता तिच्या फायलीत सगळ्यात वर आहे.

तुमच्याही दुकानात, शेतात, गोठ्यात, कार्यालयात असं कुणी बसत असेल. त्यांनी मागायची वाट बघू नका. आज लेटरहेड काढा, चार ओळी लिहा. आणि पगारही सुरू करा.