आधी सत्कार, मग नाटक

डिसेंबर लागला की आपल्या शाळांतला एक विषय दचकून जागा होतो. वर्षभर त्याला तास नसतो, शिक्षक नसतो, पुस्तक नसतं. असतं ते फक्त गॅदरिंग. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, अभ्यासाचे विषय आणि अवांतर उपक्रम यांत भिंत नको. शाळांनी ते फारच मनावर घेतलंय. तालमी पीटीच्या आणि चित्रकलेच्या तासाला होतात. भिंत पडते, आणि तिच्याखाली ते दोन तासही.

दिग्दर्शक नेमायची रीत सोपी आहे. मुख्याध्यापक विचारतात, "नाटक कोण बघतंय यंदा?" त्या क्षणी ज्यांच्या तोंडात चहाचा घोट असतो, त्या बाई दिग्दर्शक. बहुधा मराठीच्याच. दहावीची सराव परीक्षा आणि मतदारयाद्यांचं काम त्यांच्याकडे होतंच, आता अफजलखानही आला.

पात्रनिवड मात्र गांभीर्याने होते, कारण ती संस्थेच्या कार्यालयात होते. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, अलीकडे वैभव मांगले यांनी. नाटक बघून आलेली पोरं घरी तिचीच नक्कल करतात, राजकन्येची कोणी करत नाही. पण विश्वस्तांच्या नातीला राजकन्याच व्हायचं असतं. मग वर्गातल्या सगळ्यात खणखणीत आवाजाच्या मुलीला झाड करतात. "बाई, झाडाला वाक्य नाही का?" असं तिने विचारलं, तर "तू नुसती डोल" असं उत्तर मिळतं.

तसं पाहिलं तर वाक्य कोणालाच नसतं. मंडपवाल्याचे माइक ऐन वेळी शिट्ट्या मारतात, म्हणून संवाद आधीच रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर घेतलेले असतात. मुलांनी फक्त ओठ हलवायचे. शिवाजी महाराज आठवीतले, आवाज क्लासच्या सरांचा. पेन ड्राइव्ह अडखळला की कोथळा बाहेर पडलेला खान पुन्हा गळाभेटीचं निमंत्रण देतो, आणि टाळ्या तिथेच सगळ्यात जास्त पडतात.

१९५९ मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केलं आणि मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. मुलांचं नाटक म्हणून त्यात काही उरकायचं नव्हतं. मोठ्यांच्या नाटकाइतकाच नेटका प्रयोग हवा, हा बाईंचा आग्रह. शाळांनी त्यातली ड्रेपरी तेवढी उचलली. तीही भाड्याची, दाढीला मागच्या शाळेचा गोंद लागलेली.

प्रत्यक्ष कार्यक्रमात नाटकाचा नंबर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन आणि देणगीदारांचे सत्कार यांच्यानंतर लागतो. मग प्रमुख पाहुणे १८४३ सालच्या सांगलीत शिरतात, विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' लावतात आणि जेवणाची वेळ झाली तरी परत येत नाहीत. इतक्यात हॉलवाला घड्याळ दाखवतो. बाई विंगेत उभ्या उभ्या दोन प्रवेश कापतात. झाडाचा प्रवेश पहिला जातो.

एवढा बंदोबस्त करूनही तालमीत अधूनमधून नाटक घडतंच, ही व्यवस्थेतली गंभीर त्रुटी म्हटली पाहिजे. वर्गात धडा वाचायला उभं केलं की ज्याची दातखीळ बसते, तो मुलगा सगळ्या पात्रांची वाक्यं पाठ करून बसलेला असतो आणि कोणी अडलं की न सांगता पुरवतो. त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत नसतं. तिथे जागा कार्यकारिणीने घेतलेली असते.

तेव्हा यंदाच्या आयोजकांना एक विनंती. नाटक आधी घ्या, पेन ड्राइव्ह घरी ठेवा, पोरं अडखळली तर अडखळू द्या. पाहुण्यांचं भाषण शेवटी ठेवा. आपापल्या पोरांचे फोटो काढून पालक तोवर घरी गेलेले असतील. रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलायची तालीम पाहुण्यांचीही होऊन जाईल.