सही घेतली, निकाल कुठे?

नाशिक शहर मागे टाकून दिंडोरी रस्त्याला लागलं की म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. १९९८ साली स्थापन झालेलं. अभिमत विद्यापीठं आणि एम्ससारख्या संस्था वगळल्या, तर राज्यातली ॲलोपथी, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपीची कॉलेजं याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात. केईएममध्ये एमडी करणाऱ्या मुलीचा थिसिस असो की यवतमाळच्या सरकारी कॉलेजात एमएस करणाऱ्या मुलाचा, त्याला मान्यता इथूनच मिळते.

म्हणून हा प्रश्न नाशिककरांनीच विचारायला हवा. या थिसिसमधून जे काही निघतं, ते ज्यांच्या शरीरावर अभ्यासलं गेलं त्यांना कोण सांगतं?

पीजीला प्रवेश मिळाला की पहिल्या काही महिन्यांतच विषय ठरवावा लागतो. सिनॉप्सिस, इथिक्स कमिटीची मंजुरी, मग पेशंट जमवणं. ओपीडीच्या रांगेतल्या बाईला रेसिडेंट बाजूला घेते. मावशी, एक अभ्यास चालू आहे, रक्ताची एक नळी जादा घ्यावी लागेल, चालेल ना? मावशी मान हलवतात. सरकारी दवाखान्यात डॉक्टरला नाही म्हणायची सवय गरिबाला नसते. संमतीपत्रावर सही होते किंवा अंगठा उमटतो. मावशी मास्टर चार्टमधली एक ओळ होतात. वय, वजन, हिमोग्लोबिन, साखर. पुढे आकडेमोड, टायपिंग, बाइंडिंग. लेखी परीक्षेच्या किमान सहा महिने आधी थिसिस जमा करायचा असतो. परीक्षकांनी तो मान्य केला की उमेदवार परीक्षेला बसायला मोकळा.

मावशींना मात्र कुणी काही कळवत नाही.

हे नुसतं वाईट वाटण्यापुरतं नाही, संशोधनाच्या नीतीतच ते बसत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की संमती माणसाला समजेल अशा भाषेतच घेतली पाहिजे. जगभरचे डॉक्टर ज्याचा दाखला देतात ते हेलसिंकी घोषणापत्र १९६४ चं. त्याची आजची आवृत्ती म्हणते की सहभागी माणसाला अभ्यासाचे ढोबळ निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय दिला पाहिजे, आणि निष्कर्ष अपेक्षेच्या उलट आले तरी ते प्रसिद्ध केले पाहिजेत. आपण यातला सही घेण्याचा भाग काटेकोर पाळतो, कारण त्याशिवाय इथिक्स कमिटी पुढे जाऊ देत नाही. निष्कर्ष कळवले नाहीत म्हणून कुणाचा थिसिस अडतो का?

पेशंटला नाही कळत, निदान डॉक्टरांना तरी कळतं का? २०१६ मध्ये डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा २००५ ते २०१४ या दहा वर्षांतला हिशेब मांडला. त्यातल्या ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. ५७ टक्के! वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५. त्या ३३२ पैकी जिथे पीजीचे वर्ग होते, तिथे थिसिस दरवर्षी बांधून तयार होतच होते. पीएचडीचा प्रबंध निदान शोधगंगेवर चढवावा लागतो, विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००९ पासूनचा तसा नियम आहे. एमडी-एमएसचा थिसिस त्या सक्तीच्या बाहेर राहतो.

यात रेसिडेंट मुलामुलींना दोष देणं मला मान्य नाही. सलग ड्युट्या, इमर्जन्सी, वॉर्डात एका खाटेला दोन पेशंट, आणि त्यातून उरलेल्या वेळात संशोधन. पहिल्याच वर्षी संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स पूर्ण करावा लागतो, तोही रात्री जागून. ज्याला झोप मिळत नाही तो गाइडनं सुचवलेला, आधी कुणीतरी केलेला सुरक्षित विषय घेणार. जागा बदलायची, वर्ष बदलायचं, सॅम्पल साइझ गाठायची. हा त्या मुलाचा आळस नाही, आपण त्याच्याकडून मागितलंच तेवढं आहे.

प्रश्न काही कमी नाहीत. ते विद्यापीठासमोरच्या दिंडोरी रस्त्यानंच रोज जातात. हा रस्ता पुढे दिंडोरी, वणीवरून कळवण-सुरगाण्याकडे जातो. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठचे मजूर याच भागातल्या बागांमध्ये कामाला उतरतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि त्यानंतर तोडणीपर्यंत फवारणीमागून फवारणी. ट्रॅक्टरला जोडलेल्या ब्लोअरमागे उडणारा तो फवारा मजुरांच्या नाकातोंडात जातो. तोंडाला बांधलेला रुमाल किती अडवतो? घडातले मणी विरळणाऱ्या बायकांच्या हातांच्या त्वचेचं काय होतं? वीस हंगाम बागेत काढलेल्या माणसाची फुप्फुसं कशी असतात? मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या कामगाराला किती ऐकू येतं? सुरगाण्याच्या पाड्यावर साप चावल्यावर पहिला तास कुठे जातो, भगताकडे, रस्त्यावर की गाडीची वाट पाहण्यात? यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही. चिकाटी आणि गावात जाण्याची तयारी लागते.

हे जमतं, याचे दाखले महाराष्ट्राकडे आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जात होती. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी झाल्यावरही ते महाडलाच परतले. रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे साधं, स्वस्त औषध इथे जीव वाचवतं, हे त्यांनी दाखवलं आणि १९८६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गंभीर दंशातलं मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्यापर्यंत खाली आलं. त्या औषधाची गोळी कोकणातल्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत पोचली. निकाल पेशंटपर्यंत पोचणं ते हे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत तेच केलं. संशोधन सोयी असतील तिथे करू नका, प्रश्न असतील तिथे करा, हे डॉ. अभय बंग वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ३९ गावांतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नवजात बाळांची काळजी घरातच घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये हा अभ्यासही लॅन्सेटनं छापला, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशांमार्फत ती पद्धत देशभर नेली. आज पेठ तालुक्यातली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन झोळीच्या काट्यानं बाळाचं वजन करते, ती गडचिरोलीतल्या त्या अभ्यासाचा निष्कर्षच रोज वापरत असते.

प्रत्येक रेसिडेंटनं बावस्कर व्हावं, असं मी म्हणत नाही. तीन वर्षांत ते होतही नाही. पण संधी आता नियमातच आहे. २०२० पासून एमडी-एमएसच्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात तीन महिने काढावे लागतात. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी म्हणतात त्याला. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सहामाहीत. सध्या बऱ्याच जणांना ते तीन महिने म्हणजे थिसिसमध्ये पडलेला खंड वाटतो. मग थिसिसच तिथे का नेऊ नये? विषय त्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला, तालुक्यातल्या मेडिकल ऑफिसरला, आशांच्या गटप्रवर्तकांना विचारून ठरवा. त्यांना कशाचं उत्तर हवं आहे, ते त्यांना तोंडपाठ असतं. २०२७ चा कुंभही समोर आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरला लाखो माणसं येतील. उलट्या-जुलाब, चेंगराचेंगरी, औषधांत पडलेला खंड असे प्रश्न उभे राहतील. राज्याचं आरोग्य विद्यापीठ याच गावात असताना त्यांचा अभ्यास बाहेरच्यांनी येऊन करावा, हे मला बोचतं.

आणि निकालाचं काय? मागणी छोटी आहे. थिसिस जमा करताना सोबत मराठीत एक पान सक्तीचं करा. काय विचारलं, किती जणांना विचारलं, काय आढळलं, आणि आता पेशंटनं किंवा दवाखान्यानं काय वेगळं करावं. ते पान ज्या ओपीडीत पेशंट घेतले तिथल्या भिंतीवर लावा, ज्यांनी नंबर दिला त्यांच्या मोबाइलवर पाठवा, गावात अभ्यास केला असेल तर ग्रामसभेत वाचा. विद्यापीठानं ही सगळी पानं विषयवार सर्वांसाठी खुली ठेवावीत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मुलांना वेळ नाही. तीन वर्षांच्या कामाचं एक पान लिहायला एक दुपार पुरते, आणि ते लिहिता येत नसेल तर आपण काय शोधलं हे त्या मुलालाच अजून कळलेलं नाही. दुसरा, पेशंटला यातलं काय समजणार? संमतीपत्रावर लिहिलेलं असतं की मला सगळं समजावून सांगितलं आहे आणि ते मला समजलं आहे. खाली साक्षीदाराचीही सही असते. पेशंटला समजतच नसेल, तर तो कागद खोटा ठरतो आणि त्यावर उभा राहिलेला थिसिसही.

काहीच निघालं नसेल, तर तेही लिहा. औषधानं फरक पडला नाही, दोन गटांत तफावत दिसली नाही, निम्मे पेशंट पुन्हा आलेच नाहीत. का आले नाहीत, हे विचारलं असेल तर तेही. एसटीचं भाडं परवडलं नाही, बागेत खाडा पडला असता, अशी कारणं असतील, आणि पुढच्या रेसिडेंटला त्याच तालुक्यात अभ्यास आखताना तीच सगळ्यात उपयोगी पडतील. पुढच्या बॅचच्या सिनॉप्सिस मागवताना म्हसरूळहून एवढं परिपत्रक निघावं. त्याला नवा कायदा लागत नाही आणि पैसाही लागत नाही.